फोल्डर उघडत नाही म्हणून कुलूप तोडू नका

धारणी-चिखलदऱ्याहून रुग्ण तपासणीसाठी अमरावतीला येतो, अकोट-तेल्हाऱ्याहून अकोल्याला. संध्याकाळची एसटी गाठायची असते आणि लॅबच्या काउंटरवर उत्तर मिळते, ‘रिपोर्ट तयार आहे, पण फोल्डर उघडत नाही.’ रात्री विंडोज अपडेट झाले आणि सकाळपासून पडद्यावर पाहुण्याला प्रवेश नाही, अशा अर्थाची सूचना झळकते.

रिपोर्ट साठवणारा सर्व्हर अनेक ठिकाणी लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या कुळातल्या प्रणालीवर चालतो; काउंटरवर विंडोज असते. या दोघांतला दुभाषा म्हणजे ‘सांबा’. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये त्याची सुरुवात केली. तो बसवताना सोय म्हणून पुष्कळदा असे ठरवले जाते की, अनोळखी कोणी आले तर पाहुणा समजून आत घ्यायचे. पासवर्डची कटकट नाही!

मायक्रोसॉफ्टने हे दार टप्प्याटप्प्याने लावून घेतले. २०२४ च्या ‘२४एच२’ अपडेटनंतर विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीतही पाहुण्याचा मार्ग मुळातच बंद असतो. कारण साधे आहे. पासवर्डशिवाय झालेल्या जोडणीवर डिजिटल सही करता येत नाही, त्यामुळे समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे ओळखता येत नाही.

अशा वेळी घाईचा उपाय ठरलेला असतो. विंडोजची ही अटच काढून टाकायची, नाहीतर ‘एसएमबी-१’ हा जुना प्रोटोकॉल पुन्हा सुरू करायचा. फोल्डर उघडते, पण दुखणे बळावते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी-१ मधल्याच त्रुटीतून पसरला. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या किमान ८० ट्रस्टना झळ बसली, रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथली कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. हल्ल्याची वाट कोणतीही असो, ताटकळतो तो रुग्णच.

योग्य उपायाला फार तर अर्धा तास जास्त लागतो. सर्व्हरवर काउंटरसाठी वेगळे खाते काढावे आणि त्याला सांबाचा पासवर्ड स्वतंत्रपणे द्यावा. लिनक्सचा पासवर्ड सांबाला आपोआप लागू होत नाही; अनेकांचे घोडे इथेच अडते. मग त्या खात्याला फोल्डरची परवानगी द्यावी आणि विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये नाव-पासवर्ड एकदाच साठवावा. तरीही नकार आला, तर जुन्या नावाची जोडणी तोडून पाहावी. एकाच सर्व्हरवर एकाच वेळी दोन नावांनी जायला विंडोज सहसा हरकत घेते.

यानंतर रोज पासवर्ड टाकावा लागत नाही, म्हणजे सोय तशीच राहते. मात्र काउंटरवरून उठताना कॉम्प्युटर लॉक करण्याची सवय हवी.

एचआयव्ही, क्षयरोग, गर्भधारणा अशा तपासण्यांचे रिपोर्ट त्या फोल्डरमध्ये असतात. तालुक्याच्या गावात अशी बातमी रुग्णाच्या आधी घरी पोहोचते. म्हणून दुरुस्तीचे बिल देताना डॉक्टरांनी आणि लॅबचालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : फोल्डर नेमके कोणाकोणासाठी उघडले?