‘कोणत्या पेपरचे?’

राज्यातील खेळ-संघटनांचे पदाधिकारी आणि स्पर्धा-संयोजक यांस,



आम्ही दोघं मित्र खो-खो, कबड्डी आणि कुस्तीवर मराठीत पॉडकास्ट करतो. नोकऱ्या सांभाळून, दर रविवारी एक भाग. मागच्या हंगामात एका खो-खो स्पर्धेच्या दारावर आम्हाला विचारलं गेलं, ‘कोणत्या पेपरचे? कोणत्या चॅनेलचे?’ आम्ही दोन्हींचे नव्हतो, म्हणून प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. त्या संध्याकाळी एका मुलीनं असं संरक्षण केलं की मैदान उभं राहिलं. सामना संपल्यावर तिच्याशी बोलायला उतरलो, तर स्वयंसेवकानं अडवलं. गुणपत्रक मागितलं, तर ते फक्त प्रेससाठी होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चाळलेल्या पेपरांत निकालाच्या दोन-तीन ओळी होत्या, त्या मुलीचं नाव कुठंच नव्हतं. आमच्या भागात तिचं नाव होतं, पण ती नेमकी किती वेळ पळाली हे आम्हाला सांगता आलं नाही. तो आकडा तुमच्या टेबलावर होता.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतानं जिंकला, पुरुषांचाही आणि महिलांचाही. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. चार दिवस सगळीकडे खो-खो होता. पण हे खेळाडू त्या चार दिवसांत घडले नव्हते. जिल्हा स्पर्धा, निवड चाचण्या, धुळीची मैदानं, संध्याकाळी शिट्टी घेऊन उभे राहणारे प्रशिक्षक, या सगळ्यातून ते वर आले. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याच्याही मागे अशीच वर्षं होती. त्या वर्षांकडे कॅमेरे फिरकत नाहीत. आमच्यासारखे लोक जातात, कारण आम्हाला तिथंच जायचं असतं.

खो-खो हा कानांचाही खेळ आहे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आठ गडी एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले. पाठलाग करणाऱ्यानं मागून हात लावून मोठ्यानं ‘खो’ द्यायचा, आणि तो शब्द कानावर पडताच बसलेल्यानं झेपावायचं. पळणाऱ्याचे पाय, खांबाजवळची झटापट, पंचांची शिट्टी, सगळं माइकवर स्वच्छ उतरतं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन केलं आणि घराघरांत, मैदान न पाहिलेल्या माणसांनाही सामना दिसला. आमच्या मातीतल्या खेळांच्या वाट्याला तसा आवाज फारसा आला नाही. तो आम्ही देऊ पाहतो आहोत.

आम्हाला पैसे नकोत, स्टेजवर सत्कार नको. गुणलेखकाच्या टेबलामागं बसायला जागा द्या, गुणपत्रकाची एक प्रत द्या, आणि सामन्यानंतर प्रशिक्षकांच्या परवानगीनं खेळाडूशी दहा मिनिटं बोलू द्या. पास कुणाला द्यावा हे ठरवताना संस्थेचं नाव किती मोठं आहे एवढंच पाहू नका. सहा महिने नियमित भाग निघाले का, माहिती खरी असते का, चूक झाली तर जाहीर दुरुस्ती केली का, हे तपासा. आमचे सगळे भाग ऐका. टीका केली असेल तिथंही पुरावा दिलेला सापडेल. आणि पास दिला म्हणून आम्ही तुमची स्तुती करू, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

आमचे श्रोते थोडे आहेत. त्यांत गावोगावचे प्रशिक्षक आहेत, जुने पंच आहेत, आणि मुलीला मैदानावर पाठवावं की नाही या विचारात पडलेले आईबापही आहेत. तुमच्या खेळाला पुढच्या पिढीतले गडी याच घरांतून मिळणार आहेत.

येत्या हंगामाच्या माध्यम-अर्जात ‘वर्तमानपत्र’ आणि ‘वाहिनी’ यांच्याखाली ‘पॉडकास्ट’ असा एक रकाना वाढवा. पहिल्याच दिवशी आम्ही तो भरून देऊ.

कळावे,
आपले,
शेवटच्या रांगेतले दोघे