विश्लेषण : तव्यावरचा स्टेक चिवट का होतो? महागडा तुकडा न घेता मटण मऊ कसे करावे?

मोबाइलवर एक रील दिसते. मांसाचा जाड तुकडा तापलेल्या तव्यावर पडतो, दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे परततात, वरून लोणी आणि लसूण, आणि सुरी लावताच तुकडा लोण्यासारखा कापला जातो. रविवारी तोच प्रयोग घरी होतो. अर्धा किलो मटण, तोच तवा, तेवढीच मिनिटे. ताटात मात्र चघळून चघळून जबडा दुखेल असा रबरी तुकडा येतो. बहुतेक शहरांत मटण किलोमागे ७०० रुपयांच्या पुढे गेले आहे. त्यामुळे अर्धा किलो वाया जाणे म्हणजे अनेक घरांत आठवड्याची सामिष मेजवानी वाया जाणे. मग निष्कर्ष निघतो की असले पदार्थ महागड्या, पाकीटबंद मांसाचेच होतात. हा निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. मऊपणाचा बराचसा भाग पैशांवर नाही, तर वेळ, मीठ आणि सुरीची दिशा यांवर ठरतो.

महाग आणि स्वस्त तुकड्यांत फरक काय?

जनावराच्या पाठीच्या कण्यालगतचे स्नायू फारसे काम करत नाहीत. ते मऊ असतात, थोडेच निघतात, म्हणून महाग असतात. पाय, खांदा आणि मान यांचे स्नायू दिवसभर वजन पेलतात. त्यांत कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जाळे दाट असते. वय वाढते तसे हे जाळे अधिक घट्ट होते. म्हणूनच कोवळ्या बोकडाचे मटण लवकर शिजते आणि जून जनावराचे शिजता शिजत नाही.

राज्यात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या मांसावर नाही. त्यामुळे इथल्या हॉटेलांत ‘स्टेक’ म्हणून मिळणारा पदार्थ बहुधा म्हशीच्या मांसाचा असतो. हे मांस मटणापेक्षा स्वस्त मिळते, पण अनेकदा दूध देऊन थकलेल्या जनावराचे असते. म्हणजे स्वस्त तुकडा घेणाऱ्यासमोरचा प्रश्न दोन्हीकडे एकच. मांस चवीला चांगले, फक्त चिवट.

‘डोळ्यांदेखत कापलेले’ मटण सर्वांत मऊ असते का?

मराठी घरांत मटणाची परीक्षा ठरलेली आहे. रविवारी सकाळी रांगेत उभे राहायचे, डोळ्यांदेखत कापून घ्यायचे आणि तासा-दोन तासांत चुलीवर चढवायचे. दुकानात शीतकपाट नसेल तर ही सवय शहाणपणाचीच आहे. पण मऊपणाचे गणित वेगळे आहे.

प्राणी कापल्यानंतर काही तासांत स्नायूंमधील ऊर्जा संपते. तंतू एकमेकांत अडकतात आणि मांस ताठरते. पुढे थंड तापमानात स्नायूंमधलीच एन्झाइम हे तंतू हळूहळू सैल करतात. त्याला किमान एक दिवस लागतो. ताठरलेल्या अवस्थेत मांस तव्यावर गेले तर ते चिवटच लागणार. कुकरमध्ये शिजवताना हा फरक झाकला जातो, तव्यावर तो उघडा पडतो.

म्हणून तव्यासाठी मटण आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.  मात्र ताजे मटण बारीक तुकडे करून लगेच फ्रीझरमध्ये कोंबू नये. ताठरपणा येऊन जाण्याआधीच गोठलेले तंतू अधिक आकसतात. दुकानदाराकडून रानाचा एकसंध तुकडा हाडासकट मागून घ्यावा. हाडाला धरलेले मांस तेवढे आकसत नाही.

मीठ कधी लावावे?

मीठ शेवटी घालावे, नाहीतर मांस कडक होते, असे अनेक घरांत सांगितले जाते. तव्यावरच्या जाड तुकड्यासाठी याच्या उलट करावे लागते. मीठ लावल्यावर सुरुवातीला पाणी सुटते. पुढे तेच खारट पाणी मांसात परत जिरते आणि तंतूंमधील प्रथिने सैल करते. सैल झालेली प्रथिने तापल्यावर पाणी अधिक धरून ठेवतात. मध्ये १५-२० मिनिटांत तुकडा तव्यावर टाकला, तर पाणी सुटलेल्या अवस्थेतच तो पकडला जातो.

अर्धा किलो मांसाला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा बारीक मीठ पुरते. किमान तास-दीड तास, शक्य असेल तर रात्रभर, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. ओट्यावर तासन् तास ठेवणे आपल्या हवेत धोक्याचे आहे.

कच्ची पपई किती आणि किती वेळ?

कच्च्या पपईच्या चिकात पपेन हे एन्झाइम असते. ते प्रथिनांचे धागे तोडते. गल्लीतल्या कबाबवाल्यापासून लग्नाच्या आचाऱ्यापर्यंत सगळे ते वापरतात. घरी चूक होते ती प्रमाणात. पपईचा वाटलेला गोळा रात्रभर लावून ठेवला की सकाळी मांसाचा वरचा थर पिठासारखा होतो आणि आतला भाग जसाच्या तसा राहतो. कारण हा लेप मांसात फार खोल जात नाही. शिवाय पपेन सर्वाधिक जोमाने काम करते ते मांस तापत असताना, ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान.

अर्धा किलोला सालासकट वाटलेली कच्ची पपई एक ते दोन चहाचे चमचे, तीस ते पंचेचाळीस मिनिटे, एवढे पुरे. नंतर लेप पुसून काढावा. दही सौम्य आहे, ते काही तास चालते. लिंबू मात्र जास्त झाले की वरचा थर पांढरा आणि कोरडा पडतो, ते शेवटी पिळणेच बरे.

ठेचावे की टोचावे?

तुकडा बत्त्याने किंवा लाटण्याने हलके ठेचला तर तंतू तुटतात आणि जाडी सारखी होते. वरचा पांढरा पडदा मात्र सुरीने काढलाच पाहिजे, तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही.

काट्याने किंवा सुयांच्या यंत्राने टोचण्याबाबत सावध राहावे. अखंड तुकड्यावरचे जिवाणू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि तव्याच्या उष्णतेने मरतात. टोचल्यावर ते आत ढकलले जातात. याच कारणाने कॅनडाने २०१४मध्ये आणि अमेरिकेने २०१६मध्ये यंत्राने टोचलेल्या बीफवर तसे लेबल लावणे बंधनकारक केले. असा तुकडा आतून गुलाबी ठेवण्याचा हट्ट करू नये. अमेरिकी कृषी विभागाच्या सल्ल्यानुसार अखंड तुकड्याचे आतले तापमान ६३ अंशांवर जाऊन तीन मिनिटे थांबायला हवे, खिम्याचे ७१ अंशांवर. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो. महाग तुकड्यापेक्षा त्यावर केलेला खर्च जास्त उपयोगी पडतो.

मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो का?

नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे १८४७पासून हा समज पसरला. पुढच्या प्रयोगांत तो टिकला नाही. तव्यावर येणारा चुरचुर आवाज म्हणजे बाहेर येणारे पाणीच. मोठी आच हवी ती चवीसाठी. कोरड्या पृष्ठभागावर प्रथिने आणि शर्करा यांची अभिक्रिया होऊन तपकिरी, खमंग थर येतो. म्हणून तुकडा फडक्याने टिपून कोरडा करावा. बिडाचा तवा उत्तम. नॉनस्टिक एवढ्या आचेसाठी नाही. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला बाजूला सुमारे तीन-चार मिनिटे लागतात, पण खात्री थर्मामीटरनेच करावी.

मसाल्याची वेळही महत्त्वाची. तिखट, हळद आणि कांदा-लसूण मसाला एवढ्या आचेवर करपून कडू होतो. आधी फक्त मीठ असावे. आच मंद केल्यावर तूप किंवा लोणी, ठेचलेला लसूण, मिरपूड, आवडत असेल तर मसाला घालून तेच तूप चमच्याने तुकड्यावर सोडत राहावे. उतरवल्यावर पाच मिनिटे थांबावे आणि तंतूंच्या दिशेला आडवे, पातळ कापावे. लांब तंतू दातांनी तोडण्यापेक्षा सुरीने तोडलेले बरे. एवढ्या एका गोष्टीने तोच तुकडा वेगळा लागतो.

कोणता तुकडा तव्यावर टाकूच नये?

नळी, गर्दन आणि सीना. त्यांतले कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला तासाभराहून अधिक काळाची ओली उष्णता लागते. पपई आणि मीठ तिथे पुरे पडत नाहीत. त्यांची जागा कुकरमध्ये आणि रश्शात आहे. आपल्या आज्यांनी या तुकड्यांचा रस्साच केला तो याच अनुभवाने. तव्यासाठी रान आणि चाप घ्यावेत.

मग महाग मांस घेऊच नये का?

ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. पण मऊपणा फक्त विकतच मिळतो, हे ठसवण्यात विक्रेत्यांचा फायदा आहे, ग्राहकाचा नाही. सुटे मटण विकणाऱ्या दुकानांनीही ‘आत्ताच कापले’ एवढेच न सांगता, शीतकपाटात नीट ठेवलेले कालचे मटणही वेगळे आणि उघडपणे विकायला हवे. तशी मागणी ग्राहकाकडूनच यावी लागेल. तोवर पुढच्या रविवारी रांगेत उभे राहताना ‘बारीक तुकडे करा’ऐवजी ‘रानाचा एक अखंड तुकडा द्या’ असे सांगून पाहावे. मीठ घरात आहेच, थांबायची तयारी तेवढी हवी.