फळी उचला आधी!

माझं गाव रामवाडी. मुंबई-गोवा हायवेने जाताना पेणला एसटीच्या लाल गाड्या रांगेने उभ्या दिसल्या की समजायचं, हेच ते. मूर्ती पेणच्या प्रसिद्ध, आमच्याकडे एसटी. असो.

गाव खाडीच्या जवळ, म्हणून मी एका बोटीचा कायमचा पाहुणा आहे. माझ्या चार मित्रांनी (तिघे आयटीवाले, एक बँकेत) मिळून एक जुनी फायबरची बोट घेतली. मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन. धरमतरच्या खाडीत ठेवलीये. शनिवारी पुण्याहून यायचं, आमच्याकडे जेवायचं, रविवारी खाडीत फिरायचं. मस्त चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहाजण होतो. त्यात एका मित्राची 6 वर्षांची मुलगी, आणि बोटीवर लक्ष ठेवणारा गावातला पोरगा. निघताना तो मागे वाकून म्हणाला, "दादा, मशीन मुतत नाय." सगळे हसले. मुलगी तर पोट धरून हसली. आणि आम्ही निघालो.

आता हा विनोद नव्हता हे सांगतो. आउटबोर्ड मशीनला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ते खालच्या जाळीतून खाडीचंच पाणी ओढतं. आत एक रबरी पंखुड्यांचं चक्र असतं (इम्पेलर), ते पाणी वर फेकतं, ते पाणी सिलिंडरभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातली एक बारीक धार मुद्दाम बाजूच्या भोकातून बाहेर सोडलेली असते, कशाला, तर तुम्हाला दिसावी म्हणून. धार आहे म्हणजे पाणी फिरतंय. धार नाही म्हणजे मशीन कोरडं भाजतंय. कंपनीने इतकी सोपी खूण दिली आहे की 17 वर्षांच्या पोराला ती कळते. चार इंजिनियर-बँकर लोकांना कळली नाही.

जाळीत चिखल आणि प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. पंधरा-वीस मिनिटांत मशीनने जीव सोडला.

आता तुम्ही विचाराल, मशीन तापलं की भोंगा वाजत नाही का? वाजतो ना! पण त्या भोंग्याची तार कापलेली होती. बोट घेतली तेव्हापासून तो अधूनमधून वाजायचा, "डोकं उठवायचा", म्हणून एका मित्राने मेकॅनिकला सांगून तार कापून घेतली. हाच माणूस ऑफिसात कोणी अलर्ट म्यूट केला तर पानभर मेल लिहितो.

मशीन बंद पडल्यावर खाडी म्हणजे काय ते समजतं. उधाणाच्या दिवसात आपल्याकडे भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी काही तासांत खाडीतून बाहेर जातं, आणि तुम्हाला घेऊन जातं. आम्ही वाहत होतो त्याच पाण्यातून डोलवीच्या कारखान्याचे बार्ज येतात-जातात. बार्जला ब्रेक नसतो. नांगर टाकायला काढला तर त्याच्या दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलंच नव्हतं. पोराने पाहिलं म्हणून, नाहीतर नांगर दोरासकट गेला असता. आणि मग मुलगी म्हणाली, "बाबा, माझे बूट भिजले."

मागच्या बाजूचं पाणी काढायचं बूच नीट बसलं नव्हतं. पंप आहे ना! पंपाचा फ्लोट स्विच मासेमारीच्या तंगूसमध्ये गुरफटलेला. हाताने बटण दाबलं तर पंप कण्हला आणि गप्प. कोणीतरी गाडीची साधी वायर टाकून नुसती पिळून टेप गुंडाळला होता. खारं पाणी अशा वायरीत वातीसारखं वर चढतं, आतलं तांबं हिरवं-काळं होतं. बॅटरीवर 12 व्होल्ट, पंपापर्यंत पोहोचताना किती उरतील देव जाणे. शेवटी पाच लिटरच्या डब्याने पाणी उपसलं.

एका मच्छीमार होडीने आम्हाला ओढून आणलं. नाखवांनी पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "चालू करताना पानी फेकते का बगितलंव का?" कोणी उत्तर दिलं नाही.

हे सगळं उगाच सांगत नाहीये. परतताना गाडीत जे भांडण झालं ते खरं सांगायचंय. मित्राचं म्हणणं: "मी कारचं बॉनेट कधी उघडत नाही, मग बोटीचं का उघडू? वर्षाचा मेंटेनन्सचा करार केलाय की." हे वाक्य मी हल्ली इतक्या लोकांकडून ऐकतो की मला त्याची चीड येते.

माझा मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. लहानपणी मी त्याला विचारायचो, गाडी घाटात बंद पडली तर? तो म्हणायचा, माणसं उतरतात, मागची एसटी येते, तिच्यात बसतात. झालं. कारचंही तेच. बंद पडली की ती आहे तिथे उभी राहते आणि तुम्ही वडापाव खायला जाता. तुमचं अज्ञान रस्ता पोटात घालतो. पाण्यात मागची एसटी नसते, आणि बोट "बंद" पडतच नाही, ती फक्त तुमचं ऐकायची थांबते.

करारातला मेकॅनिक वर्षातून दोनदा येतो. पाणी रोज येतं.

जरा हिशोब करू, आपल्याला आकडे आवडतात. पाण्याच्या पातळीखाली 30 सेंटीमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडलं, म्हणजे एखादा पाइप निसटला, तर मिनिटाला 40 लिटरच्या वर पाणी आत येतं. छोट्या बोटींवर सर्रास दिसणाऱ्या "500 गॅलन" पंपाच्या डब्यावर तासाला 500 गॅलन लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला साधारण 31 लिटर. तेही पूर्ण व्होल्टेज आणि पाणी वर चढवायचं नसेल तेव्हा. म्हणजे नवाकोरा पंपसुद्धा हरतो. अशा वेळी कामाला येतं ते एकच ज्ञान: कोणता पाइप कुठून निघतो आणि त्याचा कॉक कुठे आहे. ते करारात लिहिलेलं नसतं. फळी उचलून बघावं लागतं.

आमच्या बोटीवर फळी उचलून मी नंतर पाहिलं. मशीनच्या पायाला जस्ताची पट्टी असते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो, म्हणून मुद्दाम झिजायला जस्त लावतात, म्हणजे अॅल्युमिनियमचा पाय वाचतो. आमची पट्टी नवीसारखी कोरी. मी खूश. मग लक्षात आलं, च्यायला, रंगाऱ्याने तिच्यावरही रंग मारलाय! रंग मारलेली पट्टी झिजत नाही, म्हणजे काम करत नाही. तिच्या शेजारचा पाय मात्र खड्ड्याखड्ड्यांनी भरलेला. पावती होती, "संपूर्ण सर्व्हिसिंग केले".

पेट्रोलचंही तसंच. 2025 पासून पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाला बसतात. मशीन तळातूनच पितं. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि त्याच्याखालची पारदर्शक वाटी बघायला दहा सेकंद लागतात.

कोळी-आगरी लोकांना मी डोक्यावर घेणार नाही. टेप गुंडाळलेल्या वायरी त्यांच्याकडेही आहेत, लाइफ जॅकेट तर बहुतेकांकडे गाठोड्यात. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि लोक खाली वाकलेले असतात. शाफ्टजवळचं पॅकिंग, पंखा, तळ, सगळं हाताखालून जातं. आमच्या मंडळींनी जूनमध्ये ताडपत्री टाकली आणि ऑक्टोबरमध्ये काढली.

आणि कृपा करून "एवढं काय होतंय" म्हणू नका. 18 डिसेंबर 2024 ला इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट नियंत्रण सुटून एलिफंटाला निघालेल्या "नीलकमल"वर आदळली. 15 माणसं गेली. तिथे शिकलेली माणसं होती, शिस्त होती. 14 मार्च 2020 ला मांडव्याजवळ "अजंता" बुडाली तेव्हा 88 प्रवासी वाचले, कारण पोलिसांची गस्तीची बोट पोहोचली. म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी मशीन चालू होतं. आपण त्या "दुसऱ्या कोणाच्या" भरवशावर दुसऱ्याच्या मुलीला घेऊन निघालो होतो.

एकट्याने जाऊन बुडायचं असेल तर खुशाल जा. पण पाहुणे घेऊन जाणार असाल तर बॅटरी शांत असताना किती व्होल्ट दाखवते (12.7 च्या आसपास हवेत, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी), हे काही शे रुपयांच्या मल्टीमीटरने बघता आलंच पाहिजे. लाल दोरी मनगटाला बांधली नाही तर तुम्ही पडल्यावर मशीन थांबत नाही, हेही माहीत पाहिजे. मालक तुम्ही आहात, मेकॅनिक नाही.

गेल्या आठवड्यात त्याच मित्राचा फोन आला. नवीन 9 इंची टचस्क्रीन बसवतोय, नकाशा, खोली, इंजिनाचं तापमान, सगळं मोबाइलवर दिसणार. मी विचारलं, भोंग्याची तार जोडलीस का? म्हणाला, "अरे स्क्रीनवर येईल ना ते!"

रविवारी मुलीला आणणार आहे म्हणे. मी पोराला पक्कड आणि दोन मीटर वायर देऊन ठेवली आहे.