चावल्यानंतरची लस

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत काय काय मिळणार नाही, ती यादी कोणी वाचत नाही. वाचली तर बऱ्याच पॉलिसींत एक कलम सापडतं : कोणतंही लसीकरण वगळलेलं आहे. अपवाद एकच, प्राणी चावल्यानंतर घेतलेल्या लसीचा.

म्हणजे आधी कुत्रं चावायला हवं. पासष्टीच्या मधुमेही माणसाला डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस लिहून दिली, तर ती त्याने पदरमोड करून घ्यायची. तोच माणूस न्यूमोनियाने आयसीयूत गेला, की टीपीएचे, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, फोन सुरू होतात, कॅशलेस मंजूर होतं, लाखांचं बिल चुकतं होतं.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं : विमा अनपेक्षित संकटासाठी असतो, ठरवून करायच्या खर्चासाठी नव्हे. मग अनेक पॉलिसींत फुकट 'हेल्थ चेकअप' कशाला? तो तर तारीख घेऊन, उपाशीपोटी जाऊन करायचा खर्च. त्या तपासणीत साखर वाढलेली निघते, डॉक्टर लस सुचवतात आणि नेमकी तिथे कंपनी हात वर करते.

खरी अडचण वेगळी असावी. २०११पासून ग्राहक पॉलिसी घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो. लसीचे पैसे आज आपण मोजायचे आणि टळलेल्या बिलाचा फायदा पुढच्या कंपनीला, हा व्यवहार कोणाला परवडेल? म्हणूनच हे एकेकट्या कंपनीच्या मर्जीवर सोडण्यात अर्थ नाही. नियम सगळ्यांना एकदमच लावावा लागेल. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने तो लावला. शिफारस झालेल्या लसी तिथल्या बहुतेक खासगी पॉलिसींत रुग्णाला फुकट मिळतात. तिथला वाद पुढचा आहे : लस आणून फ्रीजमध्ये सांभाळायची, टोचायची, याचा खर्च विमा कंपनीने दिलेल्या रकमेत डॉक्टरला सुटतो का?

आपल्याकडे या वादाला जागाच नाही. कॅशलेसची यंत्रणा मुख्यतः २४ तास ॲडमिट झालेल्या पेशंटभोवती उभी आहे. दोन मिनिटांत सुई टोचून मोकळ्या होणाऱ्या फॅमिली डॉक्टरने बिल पाठवायचं कुणाकडे? 'ओपीडी कव्हर' घ्या, असा सल्ला मिळतो. काही कव्हरमध्ये लस असतेही. मात्र त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो आणि वर्षाची मर्यादाही ठरलेली असते. लसीचे पैसे शेवटी पेशंटनेच भरायचे, फक्त आगाऊ.