हातचं राखणारे

हिशेब खात्यात नवा माणूस रुजू झाला की जुना माणूस त्याला सगळं दाखवतो. कपाटं दाखवतो, वह्या दाखवतो, बँकेत कोणत्या खिडकीवर जायचं तेही सांगतो. सांगत नाही ते एवढंच, की कोणतं गिऱ्हाईक फॉर्म वेळेवर पाठवत नाही आणि त्याच्याकडून तो कसा काढायचा, तपासणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न कुठे विचारतो आणि उत्तराचे कागद कोणत्या फायलीत आहेत. ‘ते आलं की मला विचार,’ म्हणून विषय संपतो.

मीही हेच केलं. विक्रीकराचं काम सात वर्षं माझ्याकडे होतं. गिऱ्हाइकांकडून यायच्या सी फॉर्मांची वही, थकलेल्या फॉर्मांची यादी, जुन्या असेसमेंटच्या खाणाखुणा, सगळं माझ्या डोक्यात. हाताखालच्या मुलाला मी नुसती बेरीज तपासायला देत असे. कंपनीची नवी शाखा निघाली, तिथे हिशेब पाहायला माणूस हवा होता आणि माझं नाव पुढे होतं. साहेबांनीच ते मागे घेतलं. ‘तुम्ही गेलात तर इथलं विक्रीकराचं कोण बघणार?’ माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेला एक जण त्या जागेवर गेला. त्याचं टेबल दुसऱ्याच दिवशी त्याच्या मदतनिसाने उचललं होतं. अन्याय झाला असं मी कित्येक महिने धरून बसलो. पण माझं काम दुसऱ्या कुणाला येऊ नये याची तजवीज माझ्याशिवाय कुणी केली होती?

हातचं राखणारा माणूस दुष्ट नसतो. तो घाबरलेला असतो. शिकवून मोकळा झालेल्या जुन्या माणसाला ‘आता तुमची गरज नाही’ म्हणून घरी बसवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तिथे मूठ झाकून ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही. वरिष्ठांनी ही भीती आधी काढायला हवी. वार्षिक अहवालात ‘तुम्ही काय केलंत’ या रकान्याखाली ‘तुमचं काम आज आणखी कुणाला येतं’ असा एक रकाना घालावा, आणि बढती देताना तो खरोखर वाचावा.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की शिकवलेली माणसं सोडून जातात. जातात, हे खरं आहे. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवणाऱ्या बाबूराव पेंटरांची गेली. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला होता. 1916 मध्ये आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी तो पुरा केला तो त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामल्यांच्या साथीने. त्यांच्या कंपनीत माणसं अशीच घडली. 1920 मध्ये पडेल ते काम करायला आलेला शांताराम नावाचा पोरगा 1927 मध्ये ‘नेताजी पालकर’चा दिग्दर्शक झाला. दामले आणि कंपनीतलेच फत्तेलाल यांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. बाबूराव स्वतः चित्रकार, दिग्दर्शक, यंत्रातले जाणकार. दिग्दर्शन त्यांना आपल्याच हातात ठेवता आलं असतं. त्यांनी ते दुसऱ्यांच्या हाती दिलं, म्हणूनच एका माणसाच्या दोन हातांत न मावणारं काम त्या कंपनीकडून झालं.

1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी पुढे फार वर्षं चालली नाही. हे नुकसान खरं आहे, ते लपवून शिकवण्याची महती सांगण्यात अर्थ नाही. प्रभातने 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ काढला, दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. ज्यांनी ते यश मिळवलं ते कुणाच्या तालमीतून आले होते, हे कोल्हापूरला कुणी सांगावं लागलं नाही.

पण मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते याच्याही नंतरचं. प्रभात सोडून शांतारामांनी मुंबईत राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था उभी केली. तोवर त्यांचं नाव देशभर झालं होतं, दिग्दर्शक म्हणून त्यांना दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. तरी 1947 मध्ये राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला तेव्हा त्याच्या दिग्दर्शनासाठी त्यांनी बोलावलेल्या माणसाचं वय सत्तावन्नच्या आसपास होतं, स्वतःची कंपनी बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती, आणि त्याचं नाव बाबूराव पेंटर होतं.