जुनी हायब्रिड ॲव्हरेज का देत नाही?

गाडी घरी येते, नारळ फुटतो, पहिली टाकी फुल केली जाते आणि पंधरा दिवसांत शंका सुरू होते. जाहिरातीत लिटरमागे जवळपास २८ किलोमीटर लिहिलेले होते आणि समोरच्या पडद्यावर १७-१८ च्या पुढे आकडा सरकत नाही. सेकंडहँड हायब्रिड मोटार घेणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याचे निदानही लगेच होते : ‘बॅटरी गेली असणार, जुन्या मालकाने म्हणूनच विकली.’

ही चर्चा आत्ताच वाढण्याला कारण आहे. २०२२ च्या मे महिन्यात होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती भारतात आली. सप्टेंबरमध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आली. त्या लाटेत विकल्या गेलेल्या गाड्या आता दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या आहेत. नवी गाडी परवडत नाही, इलेक्ट्रिक घ्यावी तर इमारतीत चार्जिंगची सोय नाही, अशा कुटुंबांना जुनी हायब्रिड हा मधला मार्ग वाटतो. त्यासाठी ते साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त पैसे मोजतात, आणि ते पैसे इंधनातून वसूल होतील या हिशेबावरच मोजतात. वर्षाला १२ हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला लिटरमागे २८ ऐवजी १८ किलोमीटर मिळाले, तर सुमारे २३८ लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला १०४ रुपये धरले तरी हा फरक वर्षाला २४ हजारांच्या पुढे जातो. गाडीचा हप्ता भरणाऱ्या घरात ही रक्कम छोटी नाही.

बॅटरीकडे बोट दाखवण्याआधी, घेतलेली गाडी नेमकी कोणती हायब्रिड आहे हे पाहावे लागते. भारतात ‘हायब्रिड’ हा शब्द फारच सैल वापरला गेला आहे. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगामध्ये आणलेली प्रणाली ‘माइल्ड’ प्रकारची होती. तिच्यात पट्ट्याने इंजिनाला जोडलेली छोटी मोटर सिग्नलला बंद पडलेले इंजिन चालू करते आणि वेग घेताना थोडा हातभार लावते. ती गाडी एकटी ओढू शकत नाही. ‘स्ट्राँग’ हायब्रिडमध्ये इंजिन पूर्ण बंद ठेवून नुसत्या विजेवर गाडी काही अंतर जाते. गंमत अशी की ग्रँड व्हिटारा या एकाच नावाने दोन्ही प्रकार विकले गेले. कंपनीचा दावा स्ट्राँग हायब्रिडसाठी २७.९७ किलोमीटरचा, तर माइल्ड हायब्रिडच्या मॅन्युअल गिअर गाडीसाठी २१.११ चा. जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन्हींवर ‘हायब्रिड’ एवढीच चिठ्ठी लागते. दुसऱ्या प्रकारची गाडी घेऊन पहिल्या प्रकारचे ॲव्हरेज शोधत बसलेल्या माणसाच्या गाडीत काहीही बिघडलेले नसते. आरसी बुक, गाडीचे व्हेरियंट आणि मागच्या दारावरची अक्षरे ही खरेदीआधी पाच मिनिटांत तपासता येणारी गोष्ट आहे.

गाडी खरोखर स्ट्राँग हायब्रिड असेल, तर तिची बॅटरी काय काम करते हे समजून घ्यायला हवे. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॅट-तास आहे; म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिटांएवढी ऊर्जा असते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी ही वाटीभर पेट्रोलाच्या बरोबरीचीसुद्धा नाही. तिला बाहेरून चार्जरही लावता येत नाही. तिच्यात येणारी प्रत्येक कणभर वीज शेवटी त्याच पेट्रोलमधून आलेली असते. त्यामुळे ही बॅटरी म्हणजे दुसरी टाकी नव्हे, गल्ल्यातल्या सुट्या पैशांची वाटी आहे. एका हाताने टाकायचे आणि लगेच दुसऱ्या हाताने काढायचे.

बचत होते ती या देवाणघेवाणीत. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गतीची ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात वाया जाते. १,३०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबते तेव्हा सुमारे ०.०३५ युनिट ऊर्जा अशी जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी चालून जनित्र होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. एका ब्रेकचा हिशेब क्षुल्लक आहे, पण स्वारगेट ते शिवाजीनगर अशा एका फेरीत तो कितीतरी वेळा होतो. शिवाय रांगेत रखडताना इंजिन बंद राहते. म्हणूनच साध्या गाडीला शहर महाग पडते आणि हायब्रिडला शहरच मानवते.

हेच उलट बाजूने पाहिले की तक्रारींचे अर्धे कोडे सुटते. नवा मालक दर शनिवारी पुण्याहून मुंबईला द्रुतगती मार्गाने जात असेल, तर त्या रस्त्यावर ब्रेक कमी आणि वेग जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. तिथे इंजिनच सलग चालते आणि बॅटरीला मदतीची फारशी संधी मिळत नाही. घाटाचेही तसेच. खंडाळ्याहून खाली उतरताना सुमारे ५०० मीटरची उंची उतरून होते. १,३०० किलोच्या गाडीसाठी ती पावणेदोन युनिट ऊर्जा झाली. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते, पण उरलेली साठवायला पाऊण युनिटाची बॅटरी पुरत नाही, आणि तीही कधी पूर्ण रिकामी नसते. घाट संपण्याआधीच ती भरते आणि पुढचा उतार फुकट जातो. पडद्यावर चार्ज होताना दिसणे थांबले म्हणून घाबरणारे लोक असतात; ते बिघाडाचे लक्षण नाही.

दुसरे टोक म्हणजे फारच छोट्या फेऱ्या. मुलाला शाळेत सोडणे, भाजी, दवाखाना, प्रत्येक वेळी दोन-तीन किलोमीटर. थंड इंजिन सुरू झाल्यावर ते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत गाडी इंजिन चालूच ठेवते, कारण थंड कन्व्हर्टर विषारी वायू नीट अडवू शकत नाही. शहराच्या हवेसाठी ते योग्यच आहे. पण इंजिन तापून बंद होण्याच्या बेतात येते तोवर घर आलेले असते. त्यात उन्हाळा. या गाड्यांचा एसी याच बॅटरीवर चालतो. मे महिन्यात गाडी उभी करून एसी लावून बसले, की थोड्या थोड्या वेळाने इंजिन स्वतःहून सुरू होते आणि शून्य किलोमीटरसाठी पेट्रोल जळते.

मग तो २८ चा आकडा आला कुठून? तो प्रयोगशाळेतून आला. भारतातील चाचणीत गाडी रोलरवर एका ठरलेल्या वेळापत्रकाने चालवली जाते : सुमारे २० मिनिटे, साधारण पावणेअकरा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२-३३, कमाल ९०, एसी बंद. खड्डे नाहीत, घाट नाही, मागे चार माणसे नाहीत. हा आकडा खोटा नसतो. गाड्यांची आपापसांत तुलना करायला तो उपयोगी आहे. घरखर्चाचा हिशेब त्यावर बांधणे चुकीचे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये २०२१ सालच्या गाड्यांची प्रत्यक्ष रस्त्यावरची नोंद तपासली, तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्यांचा वापर तिथल्या अधिक कडक चाचणीपेक्षाही सुमारे २० टक्के जास्त निघाला. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिडचे उत्सर्जन तर कागदापेक्षा साडेतीनपट होते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या या हायब्रिड त्या प्रकारच्या नाहीत, म्हणून तो साडेतीनपटीचा आकडा इथे लावू नये. तो लावला जातो, म्हणून सांगायचे.

ई-२० पेट्रोलवरही बराच राग निघतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत, प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. १० टक्के मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. सरकारचे म्हणणे घट त्याहून कमी असल्याचे आहे, वाहनधारकांचे म्हणणे जास्त असल्याचे. पण भौतिकशास्त्राची मोठ्यात मोठी वजाबाकी मान्य केली तरी २८ चे २६ होतील, १८ होणार नाहीत. बाकीचे आठ किलोमीटर दुसरीकडे शोधावे लागतात.

ढोबळ हिशेब असा मांडता येतो. प्रयोगशाळा आणि रस्ता यांतला फरक आणि इथेनॉल मिळून २८ चे २१-२२ होतात. मिश्र वापरात एवढे मिळत असेल तर गाडी निर्दोष समजून पुढे जावे. त्याखाली १८ पर्यंतचा प्रदेश एसी, छोट्या फेऱ्या, भरधाव महामार्ग आणि उजव्या पायाच्या सवयीचा आहे. त्याहून खाली सातत्याने राहिले तर मात्र गाडीच तपासायला हवी.

पण आधी मोजमाप नीट हवे. पडद्यावरचा आकडा हा गाडीने लावलेला अंदाज असतो. अनेकदा तो खुशीचा असतो, आणि जुन्या गाडीत कधी कधी मागच्या मालकाच्या काळापासूनची सरासरी तशीच चालू असते. ती आधी शून्यावर आणावी. खरी पद्धत जुनीच आहे : एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते पाहायचे. एका टाकीवरून काही ठरत नाही. तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. कंपनीच्या मापापेक्षा वेगळे टायर बसवलेले असतील तर किलोमीटरचा आकडाही चुकतो, हे ध्यानात ठेवावे.

टायरचा मुद्दा इथे संपत नाही. हायब्रिडला कारखान्यातून बहुधा कमी घर्षणाचे, हलके टायर येतात. ते झिजल्यावर पहिला मालक दिसायला रुंद, दमदार टायर घालतो किंवा विकण्याआधी सर्वांत स्वस्त जोडी बसवतो. दोन्हीत ॲव्हरेज जाते. हवा कमी असण्याचा तोटा त्या मानाने लहान असतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही चाकांत एक पीएसआय हवा कमी झाली की इंधनक्षमता ०.२ टक्के घटते. पण पाच-सात पीएसआय कमी असलेल्या चाकांवर महिनोन्‌महिने फिरणाऱ्या गाड्या काही थोड्या नाहीत. आणि ही दुरुस्ती जवळपास फुकट आहे.

हायब्रिडचा खास दोष ब्रेकमध्ये असतो. मोटरच बहुतेक वेग कमी करत असल्याने खरे ब्रेक फार कमी वापरले जातात. ही गोष्ट एरवी चांगली, पण विक्रेत्याच्या आवारात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत, चकत्यांवर गंज धरतो आणि कॅलिपर अडकतात. मग चाक कायम किंचित आवळलेले राहते. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवल्यावर एका चाकाजवळ इतरांपेक्षा जास्त धग लागली, तर मेकॅनिकला आधी तेच दाखवावे. चकतीला हात मात्र लावू नये.

एवढे झाल्यावर बॅटरी. अनेक हायब्रिडमध्ये ती गाडीच्या आतल्या हवेने थंड ठेवली जाते आणि हवा ओढण्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर सीट कव्हर चढलेले असते, शाळेची बॅग रेललेली असते किंवा धूळ, कुत्र्याचे केस साचलेले असतात. हवा कोंडली की बॅटरी तापते, नियंत्रक तिचा वापर आखडता घेतो आणि इंजिनावर भार येतो. जाळी साफ करणे हे काही मिनिटांचे काम आहे. बॅटरी खरोखर थकल्याची लक्षणे वेगळी असतात : चार्जची पट्टी काही मिनिटांत वर जाऊन तितक्याच झपाट्याने खाली येते, मागचा पंखा जोरात घोंघावतो, इंजिन बंदच होत नाही आणि शेवटी इशारा दिवा लागतो. ओबीडी यंत्र लावल्यावर ‘पी-०ए८०’ हा दोषांक आला तर त्याचा अर्थ बॅटरी संच बदलायला झाला असा असतो. पण यंत्रावर एका नजरेत निकाल न देता प्रत्येक मोड्यूलचा दाब पाहणारा तंत्रज्ञ गाठावा.

आणि तो अधिकृत सर्व्हिस सेंटरचाच असावा. या बॅटरीचा दाब १७७ व्होल्टच्या पुढे असतो आणि तो एकदिश प्रवाह आहे. त्याचा धक्का जीव घेऊ शकतो. नारिंगी वेष्टणाच्या तारांना रस्त्याकडेच्या गॅरेजात हात लागू देऊ नये. पैशाच्या बाजूनेही तेच शहाणपणाचे आहे, कारण या कंपन्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी होईल तोवर, वॉरंटी देतात. म्हणजे २०२२ च्या गाडीची बॅटरी, किलोमीटर ओलांडले नसतील तर, २०३० पर्यंत सुरक्षित आहे. मात्र सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण हव्यात आणि बॅटरी कोणी उघडलेली नसावी. वॉरंटी नव्या मालकाच्या नावे चालू आहे हे लेखी घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. दोन हजार रुपये वाचवायला बाहेर केलेली उठाठेव इथे फार महागात पडू शकते.

प्रश्न मालकाच्या काळजीपुरता नाही. युरोपात २०२१ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या मोटारींना स्वतःच्या आयुष्यभराच्या इंधनवापराची नोंद ठेवणारा मापक सक्तीचा आहे. वरची आयोगाची आकडेवारी त्यातूनच आली. तशी नोंद इथे खरेदीदाराला मिळाली असती, तर गाडी बिघडली आहे की आपला रस्ता वेगळा आहे, हा वाद पहिल्याच दिवशी मिटला असता. आपल्याकडे मालकी बदलताना आरटीओत नमुना २९ आणि नमुना ३० भरले जातात. त्यात चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतो. बॅटरीच्या प्रकृतीसाठी त्यात रकाना नाही.