लढून परतलेल्यांसाठी न्यायाची वाट

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांहून अधिक काळ या वनप्रदेशात चाललेला सशस्त्र संघर्ष आता ओसरत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि, लढाई थांबली म्हणजे लढणाऱ्यांच्या मनातील लढाईही थांबते असे नाही. वैनगंगेच्या एका तीरावर गोंडपिपरी तालुका आहे, तर पलीकडे १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. या दोन्ही तीरांवरील गावांना यापुढे एका नव्या प्रश्नाला सामोरे जावे लागणार आहे. बंदूक खांद्यावर घेऊन ज्यांनी ऐन तारुण्याची वर्षे घालविली, त्यांच्यापैकी एखादा उद्या आरोपी म्हणून न्यायालयात उभा राहिला, तर कायद्याने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा तो प्रश्न.

स्थानिक तरुणांतून निवडलेले ‘सी-६०’ हे पोलीस पथक १९९० मध्ये उभे राहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या भूसुरुंगस्फोटात पंधरा पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक यांनी प्राण गमावले. मृतांची नावे स्मारकांवर कोरली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु अशा घटनांतून वाचून, सहकाऱ्यांचे देह उचलून परतलेल्यांची नोंद कोणत्याही स्मारकावर नसते. झोप उडणे, लहानशा आवाजाने दचकणे, घरच्या माणसांचाही संशय येणे आणि अखेर दारूचा आसरा घेणे, ही लक्षणे वैद्यकशास्त्राला अपरिचित नाहीत. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या व्याधीला स्वतंत्र नाव देऊन आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. मराठीत तिला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. लढलेल्या प्रत्येकाला ती जडते असे मुळीच नाही. बहुसंख्य जवान निवृत्तीनंतर शांतपणे संसार करतात. पण ज्याला ती जडते त्याची गाठ पुष्कळदा डॉक्टरशी पडण्याआधी पोलीस ठाण्याशी पडते.

येथे कायद्यातील एक पोकळी लक्षात येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ८४ प्रमाणे, मनोविकृतीमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप अथवा त्यातील गैरपणा ज्याला कळत नव्हता, त्यालाच संरक्षण मिळते. बाजारात मारामारी करणाऱ्या माजी जवानाला आपण काय करीत आहोत हे सामान्यतः कळत असते. आवरता येत नसते. तो कायद्याच्या अर्थाने वेडा नाही आणि वैद्यकाच्या अर्थाने निरोगीही नाही. परिणामी दंड भरून किंवा काही महिने तुरुंगात काढून तो होता तसाच बाहेर पडतो, आणि पुढील गुन्ह्याची तारीख तेवढी लांबणीवर पडते.

अमेरिकेत या पोकळीवर एक उपाय शोधण्यात आला. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी जानेवारी २००८ मध्ये माजी सैनिकांसाठी उपचार न्यायालय सुरू केले. पुढे त्या देशात अशी शेकडो न्यायालये निघाली. त्यांची पद्धत साधी आहे. आरोपी स्वखुशीने उपचार पत्करतो, ठरावीक दिवसांनी त्याच न्यायाधीशासमोर हजर होतो आणि व्यसनमुक्तीच्या चाचण्या देतो. एक अनुभवी माजी सैनिक मार्गदर्शक म्हणून त्याच्या पाठीशी असतो. कार्यक्रम नीट पार पाडला तर आरोप मागे घेतला जातो किंवा शिक्षा सौम्य होते. अटी मोडल्या तर नेहमीची शिक्षा आहेच.

यावर समतेचा आक्षेप घेतला जाईल. गणवेश घातला म्हणून एखाद्याला वेगळा न्याय का, हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राने त्याचे एक ठळक उदाहरण पाहिले आहे. नौदल अधिकारी नानावटी यांना मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली, आणि त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात राहू दिले. अपील प्रलंबित असताना हा अधिकार असा वापरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. पुढे १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली. ती सवलत हुद्द्याला आणि लोकप्रियतेला होती. युद्धाच्या आघाताचा तिच्याशी संबंध नव्हता. आम्ही ज्याचा पुरस्कार करतो ते नेमके याच्या उलट आहे. निकष गणवेशाचा नसावा, जखमेचा असावा. आणि ती जखम वैद्यकीय तपासणीने सिद्ध झालेली असावी.

हा निकष मान्य केला की त्याची तार्किक परिणतीही मान्य करावी लागते. शस्त्रे टाकून आलेल्यांसाठी राज्यात २००५ पासून पुनर्वसनाची योजना आहे. पैसा व घर तिच्यातून मिळू शकते. पण पोरवयात जंगलात गेलेल्याचे मन केवळ त्याने सावरत नाही. उपचाराची वाट खुली करायची, तर ती निवृत्त जवानाला जशी हवी तशीच शरण आलेल्यालाही हवी. हे काहींना रुचणार नाही. परंतु उद्या हे दोघेही एकाच आठवडी बाजारात समोरासमोर येणार आहेत, आणि दोघांपैकी एकाचेही मन अस्वस्थ राहिले तर त्याची किंमत गावालाच मोजावी लागेल.

त्यासाठी नवी इमारत किंवा नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ पासून अस्तित्वात आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर व परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी सोडण्याचा अधिकार त्याच्या चौथ्या कलमाने न्यायालयाला दिला आहे. गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही त्याचा वापर होऊ शकतो. उणीव आहे ती माणसांची. आरोपीची पूर्वसेवा व प्रकृती यांची चौकशी करून अहवाल देणारा परिविक्षा अधिकारी, ठरल्या दिवशी तालुक्याला येणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि सैनिक कल्याण कार्यालयाने सुचविलेला एखादा निवृत्त सुभेदार, एवढी जुळणी प्रथम व्हावी. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावोगावी व्यसनमुक्तीचे काम केले आहे. २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठलेल्या चंद्रपूर जिल्ह्याने त्या अनुभवाचा लाभ घेण्यास काय हरकत आहे?

या व्यवस्थेला मर्यादाही हव्यात. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे तिच्या कक्षेबाहेरच राहिले पाहिजेत. ज्या पत्नीने मार खाल्ला तिचे म्हणणे ऐकल्यावाचून आणि तिच्या संरक्षणाची हमी मिळाल्यावाचून कोणालाही घरी पाठविता कामा नये. पतीची जखम खरी असली तरी तिची जखम त्यामुळे खोटी ठरत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली येथील जिल्हा न्यायाधीश, पोलीस आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून एका तालुक्यात हा प्रयोग एक वर्षभर करून पाहावा आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध करावा. शासनाने या जंगलात माणसे लढण्यासाठी पाठविली, आणि लढणाऱ्या दुसऱ्या बाजूला परत येण्याचे आवाहनही केले. दोघेही परतल्यावर त्यांची जबाबदारी केवळ तुरुंगाधिकाऱ्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.